पावणेदोन इंच

दार आत उघडतं, आणि उघडलं की
बटण त्याच्या पाठीमागे जातं.
म्हणजे आमच्या घरी उजेड हवा तर
आधी दार लावायचं,
काळोखात उभं राहायचं,
मग भिंत चाचपायची.
एकवीस वर्षं.

फ्रिज आला तेव्हा बिजागऱ्या
डावीकडच्या उजवीकडे गेल्या.
बटण तिथंच राहिलं.
त्याला कुणी विचारलं नाही.

मी बेस्टमध्ये मीटर वाचायचो.
माहीम, माटुंगा, जिन्यांखालची जाळीदार कपाटं,
टॉर्च मारून लोकांच्या उजेडाचे आकडे टिपायचे.
कुमुदिनी म्हणते,
दिव्याखाली अंधार म्हणतात ना,
तो आपलाच पत्ता.

गेल्या महिन्यात ती दळणाचा डबा घेऊन आली
आणि फ्रिजला धडकली.
मी आतून धावलो, बटणापर्यंत पोचलो.
दिवा लागला तेव्हा
तळमजल्याच्या त्या खोलीत
माझी पांढरी पावलं उमटली होती,
थेट भिंतीपर्यंत, एकही वाकडं नाही.
झोपेत चालणाऱ्याची असावीत तशी.

मग ऋणाली धोत्रे आली.
आयटीआय झालेली, कानामागे पेन्सिल.
चौकटीच्या पट्टीपासून पिलरच्या कडेपर्यंत
टेप धरला, सोडला, पुन्हा धरला.
"पावणेदोन. डबा तीनचा असतो, काका."
मी म्हटलं, पट्टी काप की.
"साग आहे," ती म्हणाली,
"भिंत भरता येते. लाकूड कापलं की कापलं."

छिन्नी लागली.
पिस्ता निघाला, त्याखाली गुलाबी,
त्याखाली चुना, बोटाला लागणारा.
आणि चुन्याच्या आत
एक लाकडाची गुट्टी, गंजलेल्या स्क्रूसकट.
नेमकी तिथंच.
म्हणजे आमच्या आधी कुणाला तरी कळलं होतं
आत येणाऱ्याचा हात कुठं जातो.
मग फ्रिजसारखंच काहीतरी आलं असेल.

अरुंद डबा मोरी रोडच्या दुकानात नव्हता.
बाहेरची घंटा कधीची मेलेली,
तिचाच डबा काढून तिनं बसवला,
केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.
अरुंद बटण मात्र लोहार चाळीतच मिळणार.
"तोवर घंटेचं जोडते," म्हणाली आणि गेली.

घंटेचं बटण.
दाबलं की दिवा.
सोडलं की गेला.

मी दाबून उभा राहिलो.
अंगठा दुखला की तर्जनी.
साठी उलटलेला माणूस,
उजेडाला बोट लावून.
कुमुदिनी भाजी घेऊन आली,
काळोखात शिरायच्या तयारीनं
एक हात पुढे केलेला,
आणि उंबऱ्यावरच थांबली.

खाट. खाटेवर माझा बनियन.
कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान.
फ्रिजवर तिचीच औषधं,
देवाच्या फळीवर जळलेल्या काडीचं टोक.
सगळं एकदम, दार उघडं असताना.
पिशवी खाली न ठेवता म्हणाली,
"असं दिसतं होय, येणाऱ्याला."

मी काही बोललो नाही.
बोट सुटलं असतं.

सहाला ऋणाली परतली, केसांत सिमेंटची धूळ तशीच.
नवं बटण करंगळीएवढं, उभं.
झाकण लावायच्या आधी कानामागची पेन्सिल काढून
डब्यातल्या गिलाव्यावर लिहिलं:
न्यूट्रल डावीकडे.
कुणासाठी गं, मी विचारलं.
"जो कोण उघडेल त्याच्यासाठी."
साडेतीनशे घेतले. गुट्टी मागून नेली.

रात्री गच्चीवरून खाली आलो,
कुलूप काढलं, आत शिरलो,
दार लावून घेतलं
आणि काळोखात उभा राहिलो,
जुन्या जागी भिंत चाचपत.

खाटेवरून कुमुदिनी म्हणाली,
"आता दार उघड.
तिकडे आहे ते."